बाब क्रमांक सतरा

पेठ रस्ता, आशेवाडी मागे टाकली की येणारं वळण.
अंदाजपत्रकात त्याचं नाव साखळी अठरा चारशे.
पिकअपवाले म्हणतात नारळाचं वळण,
कारण उतरणीआधी जो तो एक फोडून जातो.

मी कनिष्ठ अभियंता.
माझ्याकडे मोजमाप पुस्तिका आहे,
तिच्यात खाडाखोड चालत नाही.

सुरक्षेचा निधी मिळायला
या वळणाला दहाचा आकडा लागत होता.
हौसा भोयेचा दीर नववा.
तो गेला तेव्हा फाइल परत आली, शेरा मारून:
निकष अपूर्ण.
दहावा धरमपूरकडून आला, ट्रेलरवरचा क्लीनर,
नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
मग मंजुरी आली, टेंडर निघालं,
आणि कोहोर-करंजाळीच्या आठ बायकांना रोज मिळाला.

"म्हणजे त्या पोरानं आम्हाला काम लावलं,"
हौसा म्हणाली, घमेलं खाली न ठेवता.
मी पान उलटलं.

पांढरा पट्टा, थर्मोप्लास्टिक, चौरस मीटरमध्ये.
मांजरडोळे, दोनशे चाळीस.
क्रॅश बॅरिअर, एका बाजूने, दरीच्या.
बाब क्रमांक सतरा: चमकणारी जॅकेटं, नग बारा.
आली चार.
एक मुकादमाच्या अंगात, एक रोलरवाल्याच्या,
एक सुपरवायझरच्या मोटारसायकलच्या सीटवर, ऊन लागू नये म्हणून.
चौथं मला दिलं. खांद्यावरून ओघळायचं,
बाईच्या मापाचं ते शिवतच नाहीत बहुतेक.
मी ते हौसाला घातलं.
ती म्हणाली, "लई उजेड पडतोय माझा,"
आणि बाकीच्या सातजणी हसत राहिल्या
डांबराच्या धुरात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दरसूचीत बिगारी एकच आहे,
बाई आणि पुरुष असा रकाना नाही.
मुकादमाच्या वहीत आहे.
शंभराचा फरक. मी विचारलं,
तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या पुस्तिकेत हे बसत नाही."
खरं होतं ते.

'वेग मर्यादा चाळीस'चे खांब उभे झाले,
फलक यायचा होता.
मधल्या दोन दिवसांत कुणीतरी त्या खांबांना लुगड्याची झोळी बांधली.
आत सुमनचं सहा महिन्यांचं पोर.
द्राक्षाचे ट्रॅक्टर हळू जाऊ लागले, कंटेनरसुद्धा.
मी लिहिलं: खांब, लोखंडी, दोन, उभे केले.
तिसऱ्या दिवशी फलक बसला,
आणि गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या.

शेवटच्या आठवड्यात झेंडा हौसाकडे.
लाल वर केला की अख्खा राज्यमार्ग थांबतो
हे तिला पहिल्या दिवशी खरंच वाटेना.
दुसऱ्या दिवशी तिने एसटी थांबवली.
चौथ्या दिवशी आमच्या साहेबांची गाडी.
काच खाली झाली, मुकादम पळत आला,
"अगं सोड, सोड, साहेब आहेत!"
रोलर मागे येत होता.
तिने झेंडा खाली केला नाही.
रोलर गेला, मग हिरवा.
साहेब मला नंतर म्हणाले, "बाई शिकवलेली दिसते."
मी हो म्हणाले.
तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी पिकअप आली.
आठ बायका, घमेली, फावडी, पोर,
वर करंजाळीची तीन माणसं आणि एक शेळी.
मागची फळी बंद होत नव्हती, दोरी लावली.
नव्या पट्ट्यावरून,
दोनशे चाळीस डोळ्यांदेखत,
चाळीसच्या फलकाखालून ती सत्तरने गेली.

फळीला टेकून हौसा बसली होती, पाय बाहेर,
अंगात ते ढगळ जॅकेट,
हातात झेंडा, परत करायचा विसरलेला.
वळणावर तिने तो वर धरला
मागून येणाऱ्यांसाठी.

कंत्राटदाराने यादी मागितली, साहित्य जमा, साहित्य गहाळ.
मी पेनला टोपण लावून बसले, मग काढलं.
झेंडा, लाल, नग एक:
वापरात झिजला.